विश्लेषण : चोराला माफ करायचं, मग पोलिसांत तक्रार द्यायची की नाही? ख्रिस्ती धर्म काय सांगतो?

लोकलच्या गर्दीत मोबाइल जातो, लग्नाच्या घरातून दागिने जातात. आधी राग येतो, मग संशय. ख्रिस्ती कुटुंबांत आणखी एक प्रश्न उभा राहतो. रोजच्या प्रार्थनेत आपलं वाईट करणाऱ्यांना क्षमा केल्याचं म्हणायचं आणि पोलीस ठाण्यातही जायचं, हे एकत्र कसं बसतं? समजून घेऊया.

हरवलेल्या वस्तूंसाठी संत अँथनींचाच धावा का?

वस्तू सापडेनाशी झाली की कॅथलिक भाविक पदुआच्या संत अँथनींना साकडं घालतात. गोव्यात शिवोलीचं चर्च त्यांच्याच नावाचं आहे. अँथनींचा जन्म ११९५ मध्ये लिस्बनला झाला. १३ जून १२३१ रोजी पदुआजवळ त्यांचं निधन झालं. त्यामुळे १३ जूनला त्यांचा सण असतो.

त्यांची आख्यायिका चोरीचीच आहे. अँथनींकडे स्तोत्रांचं एक पुस्तक होतं आणि त्यात शिकवण्यासाठी काढलेली टिपणं होती. छपाई येण्याआधीचा तो काळ. हाताने लिहिलेलं पुस्तक म्हणजे मोठी किंमत. संघ सोडून जाणाऱ्या एका नवशिक्या तरुणाने ते पळवलं. अँथनींनी प्रार्थना केली. तो तरुण पुस्तक घेऊन परत आला आणि संघातही परतला. म्हणजे गोष्टीत पुस्तक सापडतं आणि ते नेणाराही सापडतो.

क्षमा म्हणजे नेमकं काय?

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या प्रचलित मराठी भाषांतरात, ‘ऋण’ हा शब्द आहे. क्षमा म्हणजे समोरच्याच्या नावावर मनात मांडून ठेवलेलं येणं सोडून देणं. सूड घ्यायचा नाही, त्याचं वाईट चिंतायचं नाही.

काहींनी हे टोकापर्यंत नेलं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या मकारियस या संन्याशाची गोष्ट प्रसिद्ध आहे. आपलंच सामान चोर जनावरावर लादतोय, हे त्यांनी पाहिलं. अनोळखी असल्यासारखे ते पुढे झाले आणि सामान लादायला हातभार लावून त्याला शांतपणे निरोप दिला. पण हा स्वतःच्या वस्तूंबाबत एका संन्याशाने केलेला त्याग होता. घर चालवणाऱ्या प्रत्येकाने असंच वागावं, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग चोराची जबाबदारी संपते का?

नाही. ‘चोरी करू नको’ ही आज्ञा कॅथलिक गणनेत सातवी, तर बहुतांश प्रॉटेस्टंट गणनेत आठवी आहे. जुन्या करारातील निर्गम या पुस्तकात चोरलेल्या बैलाबद्दल पाच बैल आणि मेंढराबद्दल चार मेंढरं भरून देण्याचा नियम आहे. नव्या करारात लूकने जक्कय या जकातदाराची गोष्ट सांगितली आहे. येशू घरी आल्यावर, ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करीन, असं तो स्वतःहून जाहीर करतो.

कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही चोरीचा माल मूळ मालकाला परत करणं बंधनकारक मानलं आहे. पापनिवेदनात चोरी कबूल करणाऱ्याला धर्मगुरू वस्तू परत करायला सांगू शकतात. मात्र त्याचं नाव ते कुणालाही सांगू शकत नाहीत.

तक्रार दिली तर क्षमा खोटी ठरते?

पोप जॉन पॉल दुसरे यांचं उदाहरण चोरीचं नाही, पण इथे उपयोगी पडतं. १३ मे १९८१ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याला त्यांनी काही दिवसांतच क्षमा केली. १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन ते त्याला भेटले. तरीही इटलीतली त्याची शिक्षा चालूच राहिली. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती २००० मध्ये. मनातली क्षमा आणि कायद्याची कारवाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय आज तक्रार झाली नाही, तर उद्या दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान होऊ शकतं.

आपला कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, दोषी पहिल्यांदाच सापडला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. परतफेड करणाऱ्याला सुधारण्याची संधी कायदाही देतो.

मोबाइल गेला असेल तर आधी पोलिसांत नोंद करा, सिम बंद करा आणि ‘संचार साथी’ पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करा.

सर्वात मोठी परीक्षा कुठे?

वस्तू दिसेनाशी झाली की बोट अनेकदा घरकाम करणाऱ्या बाईकडे, वॉचमनकडे किंवा डिलिव्हरी देणाऱ्या मुलाकडे जातं. पुढे ती वस्तू कपाटातच सापडते, पण तोवर कुणाची तरी नोकरी गेलेली असते. चोरी करू नको या आज्ञेच्या पाठोपाठची आज्ञा खोटी साक्ष देऊ नको, ही आहे. त्यामुळे तक्रार देताना काय गेलं, कधी गेलं, शेवटचं कुठे पाहिलं, एवढंच सांगावं. पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नये. चोराला क्षमा करायला वेळ लागला तरी चालेल. निर्दोष माणसावर आळ येऊ न देणं मात्र पहिल्या दिवसापासून आपल्या हातात असतं.