मोटारसायकलची उंची आणि तिचा तोल

हैदराबादच्या पश्चिमेस, मुसी नदी जेथे उगम पावते त्या अनंतगिरीच्या टेकड्यांतील मातीच्या वाटा मोटारसायकलस्वारांना साद घालतात. परंतु अशा वाटांसाठी बनविलेल्या गाडीची बैठक उंच असते. बेताच्या उंचीच्या स्वाराचे पाय थांबताना जमिनीस टेकत नाहीत, आणि मग मिस्त्रीकडून गाडी खाली बसवून घ्यावी असे त्यास वाटू लागते. ही इच्छा स्वाभाविक आहे. मात्र गाडीची उंची विनाकारण ठेवलेली नसते.

हीरो कंपनीच्या 'एक्सपल्स २०० ४व्ही' या गाडीचे उदाहरण घ्यावे. तिच्या साध्या रूपात पुढचे चाक १९० व मागचे १७० मिलिमीटर वर-खाली होते आणि बैठक ८२५ मिलिमीटर उंचीवर असते. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रो' रूपात ही हालचाल २५० व २२० मिलिमीटर झाली. बैठकही ८९१ मिलिमीटरवर गेली. चाकाला हलण्यास जागा हवी असेल, तर उंची वाढणारच.

खड्ड्यात बसलेला आघात स्प्रिंगला याच जागेत जिरवावा लागतो. २०० मिलिमीटरची हालचाल १५० वर आणली, तर तोच आघात जिरविण्यास सरासरी एक-तृतीयांश अधिक जोर लागतो. स्प्रिंग जुनीच राहिली, तर गाडी तळाशी आपटते. शिवाय इंजिनाचा तळ व पायटे दगडांना घासू लागतात.

याहून नाजूक प्रश्न हँडलचा आहे. ढकलगाडीचे फिरते चाक आपल्या खुंट्यामागे ओढले जाऊन सरळ होते. मोटारसायकलचे पुढचे चाकही काहीसे तसेच सरळ राहते. केवळ पुढचा भाग खाली आणला, तर हा ओढा कमी होतो; गाडी चटकन वळते, पण वेगात अस्थिर होते. केवळ मागचा भाग उतरविला, तर हँडल जड होते, पुढच्या चाकावरील भार घटतो आणि वळणावर ते बाहेर सरकू पाहते.

म्हणून प्रथम बैठकीची गादी कमी करून पाहावी, आणि थांबताना किंचित एका बाजूस सरकून एकच पाय भक्कम टेकविण्याचा सराव करावा. तेवढ्याने भागले नाही, तर जाणत्या कारागिराकडून दोन्ही टोके सारख्या प्रमाणात उतरवून घ्यावीत व स्वाराच्या वजनास योग्य अशा कडक स्प्रिंगा बसवाव्यात. साइड स्टँडही आखूड करावा. नाहीतर उभी गाडी थोड्या धक्क्यानेही कलंडते. चाक पूर्ण वर गेल्यावर मडगार्डला लागत नाही, याची खात्री झाल्यावरच गाडी टेकडीकडे न्यावी.