खुब्याचं हाड वाकडं जुळलं, आता पुढे काय?

तीन वर्षांपूर्वी आमच्या अम्मी फज्रच्या वजूसाठी उठल्या आणि न्हाणीघरात घसरल्या. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन लागेल. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "या वयात चाकू नको." मग पट्टी बांधणाऱ्याकडे नेलं. तीन महिने अम्मी खाटेवर होत्या. हाड जुळलं, आम्ही अल्लाहचा शुक्र अदा केला. पण अम्मी उभ्या राहिल्या तेव्हा उजवा पाय आखूड आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला. त्यानंतर दीड वर्ष आम्ही त्यांना कुणालाच दाखवलं नाही. हाड जुळलंय ना, मग काय दाखवायचं? ऑपरेशनला नाही म्हणणं ही एक चूक होती, पण हे दीड वर्ष वाया घालवणं ही त्याहून मोठी. मुखेड भागात अशी आणखी घरं मला माहीत आहेत, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. खुब्याजवळ हाड दोन ठिकाणी मोडतं. गोळ्याच्या खाली, हाडाच्या मानेत मोडलं तर तिथला रक्तपुरवठा तुटू शकतो. असं हाड बऱ्याचदा जुळतच नाही, किंवा जुळल्यावरही वर्ष-दोन वर्षांत गोळा आतून खराब होतो. त्याच्या थोडं खाली मोडलं तर रक्त भरपूर मिळतं, हाड ऑपरेशनशिवायही जुळतं. पण मांडीचे स्नायू ते वर ओढतात, म्हणून वाकडं जुळतं. अम्मींचं हे दुसरं होतं. आपल्या माणसाचं कोणतं, हे नवा एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. जुना एक्स-रे जपून ठेवा, नव्याशेजारी तो धरला की डॉक्टरांना खूप कळतं.

लंगडण्याचं कारण फक्त आखूड पाय नाही. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट भार येतो, कारण कंबर सरळ धरायला बाजूच्या स्नायूला जोरात ओढावं लागतं. हाड वाकडं जुळलं की हा स्नायू सैल पडतो. दुखऱ्या पायावर उभं केलं की कंबर दुसऱ्या बाजूला खाली झुकते. जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांनी 1895 मध्ये ही खूण सांगितली, आजही डॉक्टर तीच तपासतात.

म्हणून काठी. आणि ती दुखऱ्या बाजूच्या नव्हे, चांगल्या बाजूच्या हातात! अम्मी वर्षभर उजव्या हातातच धरत होत्या, आम्हीही तेच बरोबर समजत होतो. काठी उलट्या हातात असली की खुब्यापासून तिचं अंतर लांब पडतं. लांब दांड्याच्या पान्याने नट सहज फिरतो ना, तसं थोड्या जोरात स्नायूचं बरंच ओझं उतरतं. काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे टाकायचे. हात खाली सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी. अमेरिकेतल्या डॉ. वॉल्टर ब्लाउंट यांनी 1956 मध्ये काठी फेकू नका, असं सांगणारा लेखच लिहिला होता. आपल्याकडे मात्र काठीची लाज वाटते.

पाय किती आखूड आहे ते डॉक्टर टेपने मोजतात. मी घरी आखूड पायाखाली शाळेच्या वह्या ठेवत गेलो, कंबर समान झाली तेव्हा वह्या दोन सेंटिमीटरच्या आसपास भरल्या. एखादा सेंटिमीटर चपलेच्या आत बसतो, जास्त असेल तर तळाला बाहेरून लावावा लागतो. सगळा फरक एकदम भरायचा नसतो, तो हळूहळू वाढवतात. आता अडचण आपल्या घरांची. आपण चपला दारात काढतो, म्हणजे उंच तळ असतो बाहेर आणि दिवस जातो घरात. अम्मींसाठी घरात वापरायची वेगळी स्वच्छ चप्पल बनवली, तेव्हा कुठे फरक दिसला. नमाज खुर्चीवर बसून पढावी. जो उभा राहू शकत नाही त्याला दीनमध्ये बसून पढायची सवलत आहेच. वजूला पाय बेसिनवर उचलू नये, स्टुलावर बसून मग्ग्याने पाणी घ्यावं. उकिडवं बसणं बंद, कमोडची खुर्ची आणा. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका. चांगल्या कुशीवर झोपून दुखरा पाय सरळ वर उचलणं हा त्यातला मुख्य, पण मालिशवाल्याकडून जोरात ओढून घेऊ नका.

बहुतेक जण जे विसरतात ते म्हणजे हाडाचा कमकुवतपणा. साधं घसरून खुबा मोडला, म्हणजे हाडं आतून पोकळ झालीत, आणि दुसरा खुबाही मोडू शकतो. 'ड' जीवनसत्त्व तपासा. हाड मजबूत करायची आठवड्याची गोळी असते, वर्षातून एकदा घ्यायची सलाइनही असते. कोणती, ते डॉक्टर किडनीची तपासणी करून ठरवतात. गोळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याने घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रमजानमध्ये सेहरीच्या अर्धा तास आधी उठून घेता येते.

हाड कापून सरळ करण्याचं किंवा खुबा बदलण्याचं ऑपरेशन सगळ्यांनाच लागत नाही. दुखणं कमी होत नसेल, फरक मोठा असेल किंवा माणूस तरुण असेल तर नांदेडच्या विष्णुपुरीला, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवून मत घ्या. राशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा, तुमचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते तो सांगेल. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ही योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं नांदेडही होतं.

चालणारा माणूस अचानक पाय टेकवेना, जांघेत नवीन कळ आली, किंवा पोटरी सुजून गरम झाली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकदम दम लागला किंवा छातीत दुखलं तर 108 ला फोन करा.