कुलाब्याची वाट किती वाजता उघडते?

मुंबईच्या मुलांना एका दिवसाची पायी सहल काढायची झाली, की बहुधा डोंगर आठवतात. पण दिवसातून दोनदा समुद्राखाली जाणारी आणि दोनदा वर येणारी अशीही एक वाट मुंबईपासून फार दूर नाही. अलिबागच्या पुळणीवरून समोरच्या कुलाबा किल्ल्याकडे जाणारी ही वाट किलोमीटर-दीड किलोमीटरची आहे. (मुंबईतला कुलाबा तो वेगळा. आजच्या रायगड जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत, ते मात्र या किल्ल्यामुळे.) शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये हा किल्ला बांधावयास घेतला आणि पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे एक प्रमुख ठाणे झाला. आत गणपतीचे देऊळ आहे आणि भोवती खारे पाणी असूनही गोड्या पाण्याचा तलाव आहे.

ओहोटीला चालत जायचे, हे सर्वांना ठाऊक असते. पण कोणत्या ओहोटीला? येथेच थोडे भौतिकशास्त्र उपयोगी पडते.

चंद्र पृथ्वीला ओढतो, पण सगळीकडे सारखाच ओढत नाही. त्याच्याकडील बाजूचे पाणी जवळ असल्याने त्यावरील ओढ पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त, तर पलीकडच्या पाण्यावरील ओढ मध्यापेक्षा कमी. म्हणून दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो आणि दिवसात दोन भरत्या होतात. भरती होते ती ओढीमुळे नव्हे, तर ओढीतील फरकामुळे. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो, पण तो इतका दूर आहे, की त्याच्या ओढीतील फरक चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी पडतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे फुगवटे एकावर एक येतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात येतात, तेव्हा भांग. उधाणाला पाणी खूप चढते आणि तितकेच खूप उतरतेही. भांगाला दोन्ही बेताचेच.

आता वेळेचे गणित. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तितकीच उशिरा येते. आपल्या किनाऱ्यावर याचा एक सोपा आडाखा चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते, तेव्हा खरे तर पाऊणपटीऐवजी चार-पंचमांश घेणे अधिक बरोबर. पौर्णिमेला दोन्ही उत्तरांत पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून मी चार-पंचमांशच पसंत करतो. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकात मिळतात. हा आडाखा इथल्या किनाऱ्यापुरताच हं! किनाऱ्याची ठेवण आणि समुद्राची खोली यांमुळे प्रत्येक बंदराची भरतीची वेळ निराळी असते.

या गणितातून एक गमतीची गोष्ट निघते. पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. अष्टमीला भरती साडेसहाच्या आसपास, म्हणजे ओहोटी दुपारी साडेबाराला. सहलीला सोयीची वाटते ती दुपारची ओहोटी, आणि आपल्याकडे नेमकी तीच भांगाची! तेव्हा पाणी पुरते हटत नाही, वाटेवर गुडघाभर किंवा त्याहून अधिक राहते. वाट खरी उघडी पडते ती उधाणाच्या दिवसांत सकाळी लवकर. सायंकाळी उघडते तेव्हा परतताना अंधार.

अडकणारे लोक आणखी एका बाबतीत फसतात. पाणी सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांत ३.६ मीटर चढायचे असेल, तर ढोबळ मानाने पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात व चौथ्यात प्रत्येकी ९०, मग पुन्हा ६० आणि ३०. पुळणीचा उतार शंभरात एक धरला, तर पहिल्या तासात समुद्र ३० मीटर पुढे येतो आणि तिसऱ्या तासात ९० मीटर. पहिला तास पाहून ‘पाणी हळूच येतंय की’ असे म्हणणारा मनुष्य तिसऱ्या तासाचा हिशेब चुकवतो. शिवाय वाळू सपाट नसते. तुम्ही उंचवट्यावर कोरडे उभे असता आणि तुमच्या व किनाऱ्याच्या मधला सखल भाग आधीच भरलेला असतो.

‘गुडघाभर पाण्यातून जाऊ की!’ असे म्हणू नका. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला एक मीटर वेगाचे गुडघाभर पाणी दोन्ही पायांवर मिळून सुमारे सहा किलो वजनाइतका रेटा देते. वेग दुप्पट झाला, की तोच चोवीस किलो होतो. त्यातच पाण्याच्या उद्धारक बलाने शरीराचा भार कमी होतो, त्यामुळे पायाखालची पकडही सुटते. पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नये.

समजा, तुम्ही वद्य तृतीयेला निघालात. ३ × ४/५ = २.४, म्हणजे भरती दुपारी दोन वाजून चोवीस मिनिटांनी आणि ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारून, पाणी उतरत असतानाच सातला निघा. अर्ध्या तासात किल्ला येतो. साडेआठला परत फिरा, म्हणजे नऊला किनाऱ्यावर. किल्ल्यात रेंगाळलात, तर पुढची ओहोटी रात्री साडेआठनंतर.