बोंबील हलका का, मीठ ओले का?
किनाऱ्यावरची छोटी कोडी आणि दुकानदाराचा हिशेब

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर सुकी मासळी, मीठ, कांदा, तांदूळ यांचा व्यापार करणारे आपले अनेक बांधव आहेत. कोणाचे बाजारपेठेत दुकान आहे, कोणाची होडी आहे, तर कोणाच्या घरून भाकरीची ऑर्डर जाते. या मंडळींच्या रोजच्या व्यवहारात काही लहान कोडी असतात. ती इतकी ओळखीची असतात की कोणी त्यांचा विचार करीत नाही. सात किलो बोंबलाचा एक किलो कसा होतो? तेच मीठ मे महिन्यात कोरडे आणि जुलैत पाझरणारे का? गव्हाची कणीक गार पाण्यात मळते, मग तांदळाच्या पिठाला आधणाचे पाणी कशाला? ही करमणुकीची कोडी वाटतील. पण ज्याला त्यांची उत्तरे ठाऊक आहेत, त्याचा गल्ला वर्षाअखेरीस वेगळा दिसतो.

सात किलोचा एक किलो

ओल्या बोंबलात शेकडा ८५ ते ९० भाग पाणीच असते. म्हणूनच तो हातात धरला की लिबलिबतो आणि तव्यावर टाकण्यापूर्वी त्याला दाबून ठेवावे लागते. समजा, १०० किलो ओल्या बोंबलात ८८ किलो पाणी आहे. म्हणजे खरा माल, ज्याला आपण गर म्हणू, तो फक्त १२ किलो. वलांडीवर टांगून तो चांगला कडक सुकवला आणि त्यात शेकडा १६ भाग पाणी उरले, तर वजन भरते सुमारे १४ किलो ३०० ग्रॅम. हिशेब सात किलोला एक किलो असा पडतो. ओला बोंबील ५० रुपये किलोने घेतला, तर सुक्याच्या एका किलोत ३५० रुपयांचा कच्चा मालच गेला. वलांडीची मजुरी, वाहतूक आणि खराबा त्यावर वेगळा. सुका बोंबील महाग झाला अशी तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला हा हिशेब सांगितला, तर तो पुन्हा घासाघीस करणार नाही.

आता एक कोडे. १०० किलो मासळीत ९० टक्के पाणी आहे. उन्हात ठेवल्यावर पाण्याचे प्रमाण ८० टक्क्यांवर आले. वजन किती उरले? बहुतेक जण पटकन ९० किलो म्हणतात. बरोबर उत्तर आहे ५० किलो. कारण गर १० किलोच होता आणि तो १० किलोच राहिला. आधी तो मालाचा दहावा भाग होता, आता पाचवा भाग झाला. १० किलो हा पाचवा भाग असेल तर सगळा माल ५० किलोच हवा. पाण्याची टक्केवारी थोडी उतरलेली दिसते, पण वजन अर्ध्यावर येते. पुष्कळ व्यापारी फसतात ते इथेच.

सोड्यांच्या खरेदीतली तूट

जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत सोडे, सुकट, जवळा आणि वाकट्या यांना मागणी चढते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुकानदार माल भरून ठेवतो. या घाईत अर्धवट सुकलेला माल गळ्यात पडण्याचा संभव फार.

समजा, आपण १०० किलो सोडे १००० रुपये किलोने घेतले. रक्कम झाली एक लाख. मालात शेकडा ३० भाग ओल होती, म्हणजे गर ७० किलो. वखारीत पडून ओल २० टक्क्यांवर आली. आता काट्यावर माल भरतो साडेसत्त्याऐंशी किलो. साडेबारा किलो कोणी चोरले नाहीत, उंदरांनी खाल्ले नाहीत, ते हवेत गेले. आपण शेकडा १० नफा धरून ११०० रुपये भाव लावला, तर सगळा माल विकून हाती येतात ९६,२५० रुपये. कागदावर दहा टक्के नफा आणि प्रत्यक्षात ३,७५० रुपये खोट! खरी पडत किलोला १००० नसून ११४३ रुपयांच्या आसपास होती.

यावर उपाय अगदी साधा आहे. सौदा पक्का करण्यापूर्वी गोणीच्या वरून, मधून आणि तळातून मिळून एक किलो नमुना काढावा. तो दोन दिवस कडक उन्हात पसरावा आणि पुन्हा तोलावा. ९७५ ग्रॅम भरला तर माल उत्तम. ८७५ भरला तर भाव आठव्या भागाने खाली मागावा किंवा माल सोडून द्यावा. शिवाय ओल्या मालाला पावसाळ्यात बुरशी लागते, तो तोटा निराळाच.

या कोड्याची दुसरी बाजूही आहे. जुलैच्या दमट हवेत उघडा ठेवलेला कडक माल ओल ओढून घेतो आणि त्याचे वजन वाढते. हे वाढलेले वजन कोणाचे? गिऱ्हाइकाला मासळीच्या भावात पाणी विकायचे का? धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवून देणाऱ्या आणि भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर ठेवायला सांगणाऱ्या हजरत पैगंबर (स.) यांची हदीस आपल्या व्यापाऱ्यांना माहीत आहेच. माल घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवला, तर हा प्रश्न उद्भवतच नाही. वजनही टिकते आणि गिऱ्हाईकही.

मीठ का पाझरते?

पेण आणि उरणचा खाडीपट्टा मिठागरांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते सगळे खाण्याचे मीठ नसते. पाणी आटू लागले की आधी चुनखडीच्या जातीचे क्षार खाली बसतात, मग आपले नेहमीचे मीठ बसते. शेवटी उरते ते कडवट पाणी. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. हे पाणी वेळेवर सोडून दिले नाही, तर तो कडवटपणा मिठाच्या खड्यांना चिकटून राहतो.

सगळी गोम त्या क्षारात आहे. शुद्ध मीठ हवेतील दमटपणा शेकडा ७५ च्या वर गेल्याशिवाय पाणी ओढत नाही. मॅग्नेशियम क्लोराईड मात्र ३३ च्या पुढेच पाणी ओढू लागते. म्हणून एक मीठ मे महिन्यातही ओलसर राहते आणि दुसरे कोरडे. पावसाळ्यात आपल्याकडची हवा ८० च्या वर दमट असते, तेव्हा चांगले मीठही पाझरतेच. बरणीत तांदळाचे चार दाणे टाकण्याची आपल्या आया-आजींची रीत बरोबर आहे, कारण दाणे ती ओल स्वतःकडे घेतात.

दुकानदाराने यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खडे मीठ घेताना चिमूटभर जिभेवर ठेवून पाहावे. खारटपणामागून कडवटपणा आला, तर ते मीठ गोणीत पाझरणार आणि तूट येणार. दुसरे असे की, मिठाची गोणी आणि सुक्या मासळीची गोणी शेजारी ठेवू नयेत. मीठ पाझरू लागले की मासळी ते पाणी पिते.

भाकरीला आधण का?

गव्हाच्या पिठात चिकट तंतू धरणारे सत्त्व असते. पाणी लागून मळले की त्याची जाळी तयार होते आणि कणीक ताणली जाते. तांदळाच्या पिठात ते सत्त्वच नाही. गार पाण्याने मळलेली भाकरी थापताना चिरते ती त्यामुळे. आधणाच्या पाण्याने मात्र तांदळातील पिष्ट फुगते, अर्धवट शिजते आणि खळीसारखे चिकट होते. तीच खळ पिठाला धरून ठेवते. म्हणजे उकड काढणारी बाई गव्हात निसर्गाने दिलेले काम हाताने करून घेत असते.

गार झालेली भाकरी कडक होते याचेही कारण तेच. फुगलेले पिष्ट थंड होताना पुन्हा आवळून बसते, आणि फ्रिजच्या थंडाईत ही क्रिया अधिक वेगाने होते. घरून खाणावळींना भाकरी पुरवणाऱ्या भगिनींनी ती फ्रिजमध्ये न ठेवता कापडात गुंडाळून डब्यात ठेवावी. कडक झालीच तर पाण्याचा हात लावून तव्यावर शेकावी, आवळलेले पिष्ट पुन्हा सैल होते. परत आलेल्या भाकऱ्यांचा तोटा यामुळे कमी होईल.

पांढरा कांदा माळेत का?

अलिबाग तालुक्यातील कार्ले, खंडाळे आदी गावांचा पांढरा कांदा चिरताना डोळ्यांना फारसा झोंबत नाही. कांदा चिरला की त्यातील गंधकयुक्त द्रव्यांपासून एक वायू बनतो आणि तो डोळ्यांत पाणी आणतो. या कांद्यात तिखटपणा कमी, म्हणून त्यातली साखर जिभेला लागते. गोडसर कांद्यात साखर फार जास्त असते असे नाही, तिला झाकणारा झोंबरेपणा कमी असतो.

तो गोणीत न भरता पातीची वेणी घालून माळेत विकतात, कारण गोणीत कांद्याला घाम येतो आणि तो सडतो. टांगलेल्या माळेत वारा खेळतो. पण कांद्यातही पाणी भरपूर असते आणि ते हळूहळू उडते. एप्रिलची माळ जूनमध्ये दिसायला तेवढीच, पण वजनाला हलकी. नगावर खरेदी करणाऱ्याने चार-पाच माळा तोलून किलोची पडत काढावी. या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून बाहेरचा पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकणे हा केवळ खोटेपणा नव्हे, कायद्याचाही भंग आहे.

चांदाची तारीख आणि भरती

शेवटचे कोडे होडीवाल्यांचे. घड्याळ पाहून नव्हे, तर तिथी विचारून जुने तांडेल भरतीची वेळ सांगत. त्यांची रीत अशी : तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागे मागे जाते, म्हणून हा हिशेब जमतो.

आपल्या घरात तिथीपेक्षा चांदाची तारीख अधिक ठाऊक असते. तिच्यावरूनही हेच काम होते. चांद अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून चांदाच्या तारखेत एक किंवा दोन मिळवले की तिथी येते. २२ एप्रिल २०२३ रोजी ईद-उल-फित्र आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आली होती, म्हणजे चांदाची १ तारीख आणि तिथी तृतीया. ईदच्या दिवशी तीनाची पाऊणपट सव्वादोन, तेव्हा भरती दुपारी दोनच्या आसपास. बेरीज १५ च्या वर गेली तर त्यातून १५ वजा करावेत. चांदाची २० तारीख असेल, तर २२ मधून १५ गेले, उरले ७, आणि भरती सव्वापाचला.

अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावाच. खाडीत आत जावे तसा उशीर आणखी वाढतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप चढते आणि तितकेच दूर हटते. अष्टमीच्या भांगाला ते ना फार चढते, ना फार उतरते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीला चालत जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी असली, तरी वाट पुरेशी उघडी पडेलच असे नाही. जिथे जिवाचा किंवा मोठ्या मालाचा प्रश्न आहे, तिथे भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे छापील कोष्टकच पाहावे. पण जेटीवर टेम्पो किती वाजता आणायचा, मजूर कधी बोलवायचे, एवढ्यापुरता हा हिशेब खिशात असला की ट्रिप फुकट जात नाही.

पुढच्या खरेदीला निघताना व्यापारी बंधूंनी एवढेच करावे : पिशवीत एक छोटा काटा ठेवावा आणि वहीत एक रकाना वाढवावा, घेतानाचे वजन आणि विकतानाचे वजन. दोहोंतला फरक लिहीत गेल्यास एका हंगामातच कळेल की आपण आजवर माल किती विकत घेतला आणि पाणी किती.