पाण्याला ढवळणारी जाळी

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या खडकावर वसला आहे. या खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. अशा जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो, हे हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरच्या गृहिणीला कुणी शिकवायला नको. त्यामुळेच गेल्या काही वर्षांत आरओ यंत्रे खेड्यांतही पोचली.

या यंत्राच्या एका नळीतून गोड पाणी येते, दुसरीतून क्षारांचे पाणी बाहेर पडते. उन्हाळ्यात हे दुसरे पाणी पाहून जीव हळहळतो आणि ती नळी आवळून ठेवावीशी वाटते. तसे का करू नये, हे कळायला यंत्राच्या आत डोकवावे लागेल.

१९६० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय शास्त्रज्ञ श्रीनिवास सौरिराजन यांनी क्षार अडवणारा आणि तरीही पुरेसे पाणी जाऊ देणारा पातळ पडदा तयार केला. आज घरच्या यंत्रात असे पडदे नळीभोवती चटईसारखे गुंडाळलेले असतात. दोन पडदे एकमेकांना चिकटले, तर पाण्याला वाटच उरणार नाही. म्हणून त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकची, शंकरपाळ्याच्या आकाराच्या घरांची जाळी ठेवतात. तिची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी असते.

पण अंतर राखणे एवढेच तिचे काम नाही. पाणी पडद्यातून पलीकडे जाते, क्षार मात्र अलीकडेच राहतात आणि पडद्यालगत त्यांचा दाट थर साचतो. दूध ढवळले नाही, तर ते तळाला लागते, तसाच हा प्रकार. जाळीचे धागे एकमेकांवर तिरपे बसवलेले असतात. त्यांच्या वरून-खालून वाट काढताना पाणी घुसळले जाते आणि साचू पाहणारे क्षार पुढे वाहून जातात. म्हणजे जाळी ही आतली पळीच.

या पळीची किंमतही मोजावी लागते. दाट जाळीत पाणी चांगले घुसळते, पण पुढे ढकलायला पंपाला जास्त जोर लावावा लागतो. जाळी जाड केली, तर गाळ कमी अडकतो, पण तेवढ्याच गुंडाळीत पडदा कमी मावतो. शिवाय धागा पडद्याला टेकतो, त्याच्या आडोशाला पाणी संथ होते आणि तिथे क्षार व जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की जंतूंच्या थरामुळे प्रवाह अडतो, तो मुख्यतः या जाळीतच.

आता त्या दुसऱ्या नळीकडे वळू. समजा, पाण्यात लिटरमागे १००० मिलिग्रॅम क्षार आहेत. चार लिटरांतून एक लिटर गोड पाणी काढले, तर उरलेल्या तीन लिटरांत क्षार लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम होतात. नळी आवळून तीन लिटर काढले, तर उरलेल्या एका लिटरात तेच क्षार ४००० मिलिग्रॅमच्या आसपास जातात. त्यातच जाळीतला प्रवाह मंदावतो. ढवळणे थांबले आणि दूध आटले, असे दोन्ही एकदम घडते. पडद्यावर खडूसारखा थर बसतो आणि तो बदलण्याचा खर्च वाचवलेल्या पाण्याहून भारी पडतो.

तेव्हा ती नळी कारागिराने बसवून दिली तशीच मोकळी राहू द्या. गाळ अडवणारी पहिली गाळणी वेळेवर बदला, कारण तिच्यातून सुटलेला गाळ जाळीतच अडकतो. आणि बाहेर पडणारे पाणी बादलीत धरा. प्यायला नसले, तरी फरशी पुसायला आणि संडासात ओतायला ते चांगले चालते. पाणी वाचवायचे ते यंत्राच्या बाहेर. आत मात्र त्याला वाहू द्यावे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)