पेढी सोडून जाणारा माणूस

पेढीवर दहा-बारा वर्षे राबलेला गुमास्ता एके दिवशी किल्ल्यांचा जुडगा गल्ल्यावर ठेवतो आणि महिन्याभरात समोरच्या गल्लीत त्याच मालाचे दुकान थाटतो. शेठजी संतापून कपाटातला स्टॅम्पपेपर काढतात. त्यावर गुमास्त्याची सही असते : ‘नोकरी सोडल्यावर तीन वर्षे हा धंदा करणार नाही.’ या कागदाची किंमत किती?

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कोणासही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. 1874 मध्ये कोलकात्याच्या एकाच वस्तीतील दोन प्रतिस्पर्धी दुकानदारांचा तंटा उच्च न्यायालयात गेला. ‘तू येथील दुकान बंद कर, मी पैसे देतो,’ असे एकाने कबूल केले होते. दुसऱ्याने दुकान बंद केले, पैसे मात्र मिळाले नाहीत. बंदी एका वस्तीपुरती असली तरी करार अवैधच, असा निकाल लागला. वचन मोडणाऱ्याचे फावले हे मनाला रुचत नाही. पण तत्त्व तेव्हापासून रुजले.

मग मालकाला काहीच संरक्षण नाही काय? आहे, परंतु ते करार चालू असेपर्यंत. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनने टायरसाठी लागणाऱ्या धाग्याचे तंत्र हॉलंड व जर्मनीच्या कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. तेथील एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला, काही महिने प्रशिक्षण घेतले आणि 1964 मध्ये तो कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात रुजू झाला. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा मनाईहुकूम कायम ठेवला, तोही कराराच्या उरलेल्या मुदतीपुरता. याउलट 2006 मध्ये श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्या प्रकरणात, कराराची मुदत संपल्यावरही त्याला जुन्या व्यवस्थापन कंपनीशी जखडू पाहणारी अट न्यायालयाने मानली नाही.

गुपिताची गोष्ट निराळी. हाताला लागलेले कसब, मालाची पारख, ग्राहकाशी बोलण्याची हातोटी ही नोकराची स्वतःची कमाई. ती कोणी काढून घेऊ शकत नाही. पण जाताना मोबाईलवर टिपलेली ग्राहकांची यादी आणि खरेदीचे भाव ही पेढीची मत्ता होय. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा नाही. तसा तो करावा, अशी शिफारस विधी आयोगाने 2024 मध्ये केली. तोवर न्यायालये विश्वासभंगाच्या तत्त्वावर निवाडा करतात. म्हणून कोणती माहिती गुप्त हे मालकाने नेमणुकीच्या वेळीच लिहून द्यावे आणि ती सर्वांच्या हाती पडू देऊ नये. वही दिवसभर गल्ल्यावर उघडी ठेवून नंतर चोरीची ओरड केली, तर न्यायाधीश विचारणारच.

कलम 27 ला एक अपवाद आहे. नावलौकिकासह दुकान विकणाऱ्याला, घेणारा तो धंदा चालवीत असेपर्यंत, वाजवी स्थानिक मर्यादेत तोच धंदा न करण्याची अट घालता येते. वडिलोपार्जित पेढी विकून त्याच बाजारात मुलाला वेगळे दुकान काढून देण्याचा बेत असेल, तर सहीपूर्वी हे कलम वकिलाकडून वाचून घ्यावे.