नाना नावाच्या दोन मुली

आमच्या खानदेशात ‘नाना’ म्हटलं की घरातला वडीलधारा माणूस डोळ्यांसमोर येतो. जपानीत नाना म्हणजे सात, आणि ते मुलीचं नावही असतं. आई याझावा यांच्या ‘नाना’ या मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, याच नावाच्या वीस वर्षांच्या दोन मुली टोकियोला निघालेल्या गाडीत शेजारी बसतात. बर्फामुळे गाडी खोळंबते आणि गप्पा सुरू होतात. मी कॉलेजची वर्षं चाळीसगाव-धुळे पॅसेंजरमध्ये काढली. गाडी सिग्नलला अडकली की डबे उघडायचे आणि अनोळखी मुलीपुढेही कळण्याची भाकरी आणि ठेचा यायचा. त्यामुळे हा प्रसंग मला परका वाटलाच नाही.

2000 साली सुरू झालेल्या या कथेवर केंतारो ओतानी यांनी 2005 मध्ये चित्रपट केला. गाणाऱ्या नानाच्या भूमिकेत मिका नाकाशिमा ही खरीखुरी गायिका घेतली, हे फार चांगलं झालं. प्रेमकथेच्या मांगात मनातलं बोलणं बऱ्याचदा संवादाच्या फुग्याबाहेर, कोऱ्या जागेत लिहिलेलं असतं. वाचणारी तिथे हवी तेवढी रेंगाळते. पडद्यावर ती सोय नाही, सगळा भार चेहऱ्यावर येतो. दुसऱ्या नानाचं काम करणाऱ्या आओई मियाझाकीने तो पेलला. प्रियकराचं मन दुसरीकडे गेल्याचं कळतं, तेव्हाचा तिचा चेहरा मी तीनदा मागे घेऊन पाहिला.

2006 मध्ये आलेल्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागात मियाझाकी नव्हती आणि मला ते सारखं जाणवत राहिलं. याझावांच्या आजारपणामुळे मूळ मांगा 2009 पासून थांबली आहे. दोघी पुन्हा भेटतात का, हे अजून कागदावर उतरायचं आहे.